टॉवरखालचा सातबारा

कायदा शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ते थोडं आखूड करून आणि ओळख पटेल असे तपशील गाळून, माझ्या उत्तरासह छापत आहे.

"ताई, सादर नमस्कार. मी मुंबईतल्या एका लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मुरबाड तालुक्यात. आजोबांना कुळकायद्यात मिळालेली पावणेतीन एकर जमीन, तीच आमची मिळकत. नऊ वर्षांपूर्वी एका एजंटाने श्रावणबाळ योजनेचे कागद आहेत असं सांगून आजोबांना गाडीने तालुक्याला नेलं, अंगठा घेतला, फोटो काढला. ते कुलमुखत्यारपत्र निघालं, म्हणजे आजोबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. त्याच्या जोरावर जमीन विकली गेली. दावा अजून चालू आहे. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. जमिनीचाच कायदा शिकायचा हे मी तेव्हाच ठरवलं.

आता तीन गोष्टी सुचत नाहीत. एक, एका खासगी संस्थेचा 'रिअल इस्टेट लॉ' डिप्लोमा आहे, फी पंचेचाळीस हजार. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढतो म्हणतात. करू का? दोन, वर्गातले बरेच जण इंग्रजी माध्यमाचे. मी ट्यूटोरियलमध्ये सातबारा, फेरफार असे शब्द वापरले की हसतात. सर म्हणाले, मुंबईत हे लागत नाही. तीन, हे मी कोणाला विचारलेलं नाही. या क्षेत्रात काम म्हणजे बहुतेक बिल्डरचंच काम, असं सगळे सांगतात. मग मी शिकून शेवटी त्या खरेदीदाराच्या वकिलासारखीच होणार का? सोबत आमच्या सातबाऱ्याची नक्कल जोडली आहे."

प्रिय मुली,

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या टेबलावर अंधेरीतल्या एका सोसायटीची फाईल उघडी होती. इमारत पन्नास वर्षांची, बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिलेलीच नाही, म्हणून आता मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा आहे. फाईल खालून वर वाचायची माझी सवय. सगळ्यात तळाचा कागद निघाला तो सातबारा. मौजे मरोळ, तालुका अंधेरी. पीकपाहणीच्या रकान्यात भात आणि गवत. मालक म्हणून तीन भावांची नावं. त्याखालच्या १९५८ च्या फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत, मात्र चौथं नाव आहे, त्यांच्या बहिणीचं. पुढच्या उताऱ्यात ते नाहीसं झालंय. हक्कसोडपत्र नाही, वाटणीपत्र नाही. नाव गेलं कुठे, हे शोधल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या जमिनीवर आज चोवीस कुटुंबं राहतात.

मुंबईत सातबारा लागत नाही असं तुझ्या सरांचं म्हणणं. त्यांचा अनादर न करता सांगते, ते बरोबर नाही. शहरात आज सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं, उपनगरात नगर भूमापन क्रमांक असतो, मुंबई बेटावर कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर आणि 'लोअर परळ विभाग', 'माझगाव विभाग' अशी नोंद असते. पण उपनगरातल्या कुठल्याही फ्लॅटच्या कराराचं शेवटचं परिशिष्ट उघड. त्यात मौजे येतं, तालुका येतो, चतुःसीमा येतात. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे आजही तालुके आहेत. काचेच्या इमारतीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासताना तीस वर्षं मागे जायचा प्रघात आहे आणि शंका आली तर त्याहून मागे. मागे गेलं की शेत लागतंच. तिथे पोहोचल्यावर तुझे हसणारे वर्गमित्र थांबतील, कारण सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना कशासाठी असतो हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. तुला ते न शिकवता येतं.

आता डिप्लोमा. करू नकोस, निदान आत्ता तरी. बाबांना कर्ज काढू देऊ नकोस.

रागाने सांगत नाही, चांगले अभ्यासक्रमही असतात. पण त्यात जे शिकवतात त्यातलं बहुतेक तुझ्या पदवीत आधीच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ तुला आहेच. मसुदालेखन आणि कन्व्हेयन्सिंगचा (म्हणजे मिळकतीच्या हस्तांतराचे दस्त लिहिण्याचा) प्रात्यक्षिक पेपर बार कौन्सिलने सक्तीचा केला आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, तीही सक्तीचीच. अडचण एवढीच की कन्व्हेयन्सिंगच्या पेपरात मुलं दहा मसुदे वहीत उतरवून काढतात आणि त्यातला एकही कुठल्या खऱ्या जमिनीबद्दल नसतो. पंचेचाळीस हजार भरून त्याच मसुद्यांची छापील फाईल मिळेल. त्याने काय फरक पडणार?

तुला हवेत खरे कागद, आणि ते फुकट पडलेले आहेत. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचं पान असतं. तुझ्या हॉस्टेलच्या आसपास पत्रे लावलेलं जे बांधकाम दिसतं, त्याच्या फलकावर नोंदणी क्रमांक असतो. तो घालून पान उघड. त्यात वकिलाचा टायटल रिपोर्ट सापडेल, मंजूर आराखडे, प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीवरचे बोजे, चालू कोर्टकज्जे आणि फ्लॅटच्या कराराचा मसुदा. आधी फक्त टायटल रिपोर्ट वाच. कोणाकडून कोणाकडे, कुठल्या दस्ताने, कुठल्या वर्षी, अशी साखळी कागदावर काढ. एखादी कडी तुटलेली वाटली तर लाल पेनाने खूण कर. मग करार घे आणि त्याच्या शेजारी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ ठेव. विकणाऱ्याने काय काय उघड करायचं, घेणाऱ्याने कधी काय द्यायचं, हे त्या कलमात आहे. ज्या गोष्टी कलमात आहेत पण करारात फिरवलेल्या आहेत, त्याच्यावर खूण कर. असे सहा प्रकल्प केलेस की डिप्लोमा घेतलेल्या मुलांनी तुझ्या वह्या मागाव्यात इतकं तुला येत असेल.

दोन कायदे शेजारी ठेवून वाचण्याचीही सवय लाव. मोफा हा महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा १९६३ चा, रेरा हा केंद्राचा स्थावर मालमत्ता प्रकल्पांचा कायदा २०१६ चा, आणि रेरातली मुख्य कलमं अमलात आली १ मे २०१७ पासून. मोफात करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येत होती, रेराने ती १० टक्क्यांवर आणली. मोफाखाली सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करायची होती. बिल्डर ते करेनात, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकाच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करता येते. रेराने मुदत भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांवर आणली. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची अट घातली, कारण एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालून लोक अडकले होते. प्रत्येक आकड्यामागे कोणी तरी पोळलेलं आहे. तशा नजरेने वाचलंस तर कलमं पाठ करावी लागत नाहीत.

निकाल मुळातून वाच, गाईडमधून नको. सुरुवात दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यापासून कर. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इमारतीखालचं, खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही. वाद एका गाडीच्या जागेचा, पण 'फ्लॅट' म्हणजे काय, 'गॅरेज' म्हणजे काय, 'सामाईक जागा' म्हणजे काय, हे सगळं त्यात उलगडून दाखवलंय. मग २०११ चा सूरज लॅम्पचा निकाल वाच. तुझ्या घराशी त्याचा संबंध आहे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राच्या कागदावर स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं, हे त्यात ठणकावून सांगितलंय. आणि मरोळच्या त्या बहिणीसारख्या प्रकरणांसाठी विनीता शर्माचा २०२० चा निकाल. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क आहे, आणि हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे तिथे स्पष्ट झालं. गावोगाव किती हक्कसोडपत्रं रक्षाबंधनाच्या सुमारास करून घेतली जातात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

एक सावधगिरी. केंद्राचे कायदे वाचताना महाराष्ट्राची दुरुस्ती कायम शोध. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ म्हणतं की दावा चालू असताना मिळकत विकली तर घेणारा निकालाला बांधील राहतो. पण बृहन्मुंबईतल्या मिळकतीबाबत दाव्याची नोटीस नोंदवलेली असावी लागते, ही १९३९ पासूनची मुंबईची दुरुस्ती. दिल्लीत छापलेल्या पुस्तकात ती तळटीपेत असते किंवा नसतेच. परीक्षेत याने दोन गुणांचा फरक पडेल. वकिलीत अशिलाचं घर जाईल.

इंग्रजीचं सांगते. शिक, त्यात पळवाट नाही. उच्च न्यायालयात आणि मोठ्या फर्ममध्ये मसुदे इंग्रजीत होतात, रोज तासभर चांगला मसुदा हाताने उतरवून काढ. वर्षभरात हात बसेल. पण वर्गातलं हसणं मनावर घेऊ नकोस. या शहरातल्या कायद्याच्या कॉलेजांना शेतजमीन परकी कधीच नव्हती. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले, आणि प्राचार्य असतानाच, १९३७ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे खोताने कुळांकडून वसुली करायची कोकणातली पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत मोर्चा घेऊन आले. मुंबईच्या वर्गात कायदा शिकवणारा माणूस कोकणातल्या कुळाचं आणि खोताचं नातं जाणत होता. तुझ्या आजोबांना जमीन मिळाली ती १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनामुळे, ज्या दिवसापासून कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली, आणि तिथवरचा रस्ता अशाच माणसांनी घातलेला आहे. तेव्हा ट्यूटोरियलमध्ये फेरफार हा शब्द खुशाल वापर. कोणी हसलं तर फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, तो कोण लिहितं, नोटीस कोणाला जाते, मंजूर कोण करतं, एवढं शांतपणे सांग आणि पुढे जा.

आणि जमलं तर मोडी लिपी शीक. पुराभिलेख विभाग वर्ग घेतो, खासगी वर्गही असतात. कोकणातले, देशावरचे जुने दस्त मोडीत आहेत आणि ते वाचणारे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठ्या फर्म या कामासाठी माणूस शोधत फिरतात. तीन महिने खर्च होतील, आयुष्यभर पुरेल.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे यायच्या आधी माझी एक चूक तुला सांगायची आहे.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षात मी ज्येष्ठांकडे सर्चचं, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तनोंदी शोधायचं, काम करायचे. तेव्हा संगणकावर काही नव्हतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पावती फाडायची, लिपिक इंडेक्सच्या वह्या काढून द्यायचा, उभ्यानेच पानं उलटायची. धूळ, वाळवी, सुटलेली पानं. तीस वर्षांचा शोध घ्यायचा होता. एका वर्षाची वही बाइंडिंगला गेली होती. लिपिक म्हणाला, आठ दिवसांनी या. मला त्या दिवशी अहवाल द्यायचा होता. आधीच्या वर्षात काही नव्हतं, नंतरच्या वर्षात काही नव्हतं, मी त्या वर्षापुढेही 'नोंद आढळली नाही' असं लिहिलं. खोटं बोलतेय असं वाटलंही नाही. नोंद मला आढळली नव्हतीच की.

ज्येष्ठांनी अहवाल वाचला आणि एकच विचारलं, "या वर्षाची वही पाहिलीस?" मी गप्प. ते ओरडले नाहीत. अहवाल परत दिला आणि म्हणाले, वही येईल तेव्हा जा. आठ दिवसांनी गेले. त्या वहीत त्याच मिळकतीचं गहाणखत होतं, आणि ते फिटल्याचा दस्त पुढे कुठेच नव्हता. माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून एका शिक्षक दांपत्याने भविष्यनिर्वाह निधी काढून ती जागा घेतली असती. मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी अहवालात 'वही उपलब्ध नव्हती', 'पानं फाटलेली होती', 'पाहता आलं नाही' असं लिहिते, अशील कितीही चिडला तरी. अशील चिडतात. 'क्लिअर टायटल' एवढंच लिहा ना, म्हणतात.

आता तू पाठवलेला सातबारा. तुमच्या दाव्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही, तुमचे वकील आहेत आणि सगळे कागद माझ्यासमोर नाहीत. पण इतर हक्कांच्या रकान्यातली एक ओळ बघ: 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र'. म्हणजे कुळ म्हणून विकत मिळालेली ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा सरकारात भरून परवानगीशिवाय विकता येते. शिवाय कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे घेणारा शेतकरी असावा लागतो. म्हणजे व्यवहाराच्या फायलीत परवानगीचा आदेश किंवा नजराण्याचं चलन, आणि खरेदीदाराच्या शेतकरी असण्याचा पुरावा, हे कागद असायला हवे होते.

समज, त्या खरेदीदाराच्या वकिलाने ही ओळ वाचली असती. त्याने विचारलं असतं, नजराणा कोणी भरला? चलन कुठे आहे? मूळ मालक हयात आहे, मग मुखत्यार का विकतोय? त्याला इथे कोणी का आणत नाही? हे प्रश्न बिल्डरच्या पैशाने, बिल्डरच्याच हितासाठी विचारले गेले असते. आणि त्यांची उत्तरं शोधायला कोणाला तरी मुरबाडला येऊन तुझ्या आजोबांच्या ओट्यावर बसावं लागलं असतं. व्यवहार तिथेच थांबला असता. त्या वकिलाने एजंटाची बाजू घेतली की नाही मला माहीत नाही. पण त्याच्या समोर एक ओळ होती आणि ती एकतर वाचली गेली नाही किंवा वाचून पुढे ढकलली गेली.

म्हणून तू विचारतेस की शिकून मी तशीच होणार का, त्याचं माझं उत्तर असं: टायटल तपासणारा वकील प्रामाणिक असेल तर तो घेणाऱ्याच्या बाजूने बसूनही विकणाऱ्या गरिबाला वाचवतो. आणि तो प्रामाणिक नसेल तर त्याला सगळ्यात आधी बळी पडतो अंगठा देणारा माणूस. या खुर्चीवर तुझ्यासारख्या मुलीने बसावं असं मला मनापासून वाटतं. जिला ती ओळ दिसली की घरातलं माणूस आठवेल.

बिल्डरचं काम केलंस तर एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. दोन्ही बाजूंची वकील होऊ नकोस. तालुक्याच्या ठिकाणी सर्रास चालतं, एकच वकील खरेदीखत लिहितो, फी घेणारा देतो आणि शेतकऱ्याला वाटतं हे आपलेच वकीलसाहेब. तिथेच माणसं फसतात. शेतकरी समोर बसला की त्याला त्याच्या भाषेत स्पष्ट सांग, काका, मी तुमची वकील नाही, मी यांची आहे, तुम्ही तुमचा माणूस आणा आणि कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. अशाने चार कामं हातची जातील. जाऊ देत.

आणि सगळं काम बिल्डरचं असतं हेही खरं नाही. मुंबईत हजारो सोसायट्यांच्या नावावर अजून जमीन नाही. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीला आपला करार वाचून देणारा वकील हवा असतो, सभासद सगळे सत्तरीचे असतात आणि समोर विकासकाचे चार वकील बसतात. महारेरात ताबा न मिळालेले लोक येतात. रेराच्या कलम १८ खाली त्यांना पैसे व्याजासह परत मागता येतात, पण अर्ज नीट लिहिलेला लागतो. आदेश मिळाला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करावी लागते, आणि तिथे फाईल पुढे सरकवायला महसूल खात्याची भाषा येणारा माणूस लागतो. तुला ती येते. पागडीचे भाडेकरू आहेत. धोबीतलावला लघुवाद न्यायालय आहे, चर्चगेटहून चालत जाता येईल. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. लेक्चर नसेल त्या सकाळी मागच्या बाकावर जाऊन बस. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ तिथे जितका कळेल तितका कुठल्याही पुस्तकात कळणार नाही. आजोबांनी लढलेला दावा नातू पुढे चालवतोय, असं तिथे नेहमी दिसतं. तुला त्यात परकं वाटणार नाही.

पदवीनंतरचं थोडक्यात. सनद घ्यायची आणि बार कौन्सिलची परीक्षा द्यायचीच आहे. एलएलएमची घाई नको, शिकवायचं असेल तर कर. इंटर्नशिपचे बारा आठवडे मात्र वाया घालवू नकोस. मोठ्या फर्मचं नाव मिळालं तर छान, पण त्यातले निदान चार आठवडे अशा वकिलाकडे काढ जो स्वतः दुय्यम निबंधकाकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात जातो. मुंबईत सॉलिसिटर होण्याचीही एक जुनी वाट आहे: इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा, त्याआधी एखाद्या सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप. कन्व्हेयन्सिंग शिकायला इतकी कडक जागा दुसरी नाही. परीक्षा अवघड आहे, अनेकांना दोन-तीनदा बसावं लागतं. तुझा स्वभाव पत्रातून जेवढा कळला त्यावरून तुला जमेल असं वाटतं. विचार कर.

दिवाळीत गावी जाशील. सुट्टीतले चार दिवस माझ्यासाठी काढ. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज कर आणि तुमच्या सर्व्हे नंबरचे जुने सातबारे, आजोबांचं नाव कुळ म्हणून पहिल्यांदा लागलं तो फेरफार, शेतजमीन न्यायाधिकरणाचा कुळकायद्याच्या कलम ३२-ग चा आदेश आणि ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र, एवढं गोळा कर. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून टिपण आणि फाळणीबारा, म्हणजे जमिनीच्या जुन्या मोजणीचे कागद, मिळतात का पाहा. मग कोरा कागद घेऊन आपल्याच जमिनीचा टायटल रिपोर्ट लिही, जणू तू खरेदीदाराची वकील आहेस. कुलमुखत्यारपत्रापाशी पोहोचशील तेव्हा हात थरथरेल. तिथेही कोरडं लिही: काय पाहिलं, काय मिळालं नाही, काय विचारायला हवं होतं. एक प्रत तुमच्या वकिलांना दे, त्यांना उपयोग होईल. दुसरी मला पाठव, मी लाल पेनाने तपासून परत पाठवेन. जुन्या फेरफारात मोडी निघाली तर चांगल्या उजेडात फोटो काढ. माझ्या ऑफिसात वाचणारे एक गृहस्थ आहेत, एकोणऐंशी वर्षांचे, आणि शिकवायला कोणी मिळत नाही म्हणून रोज कुरकुरत असतात.

तुझी,
वकीलताई